एकाच मॅटवर नात आणि आजी: सगळ्यांना मार्शल आर्ट शिकवतात तरी कसं?

शाळा उघडल्या की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कराटे, ज्युदो, तायक्वांदोच्या क्लासचे फलक दिसू लागतात. सांगली-मिरज रस्त्यावरही तेच चित्र. ‘सर्व वयोगटांसाठी’ ही ओळ बऱ्याच फलकांवर असते आणि वाचणाऱ्याला ती सहजासहजी पटत नाही. चार वर्षांचं पोर आणि गुडघेदुखीनं बेजार झालेल्या काकू एकाच सरांकडे काय शिकणार? ज्याला ऐकू येत नाही, जी व्हीलचेअरवर आहे, त्यांना कोण घेणार? आणि घेतलंच, तर ते शिकणं खरं की नुसती समजूत?

मी कराटे शिकवतो. हे प्रश्न मला क्लासच्या दारात विचारले जातात, बहुतेक वेळा मुलाच्या कानावर जाणार नाहीत अशा आवाजात. म्हणून इथे ते मोठ्यानं घेतो.

तालीम पाहिलेल्याला अर्धं ठाऊक असतं

मार्शल आर्ट म्हणजे नियमांत बसवलेली लढण्याची कला. तिची ढोबळमानानं दोन घराणी आहेत. कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग यांत अंतर राखून मारायचं आणि मार अडवायचा. ज्युदो आणि आपली कुस्ती यांत धरायचं, तोल घालवायचा, पाडायचं. लाठीकाठी, दांडपट्टा हे हत्यारांचं आणखी एक अंग. बाहेरून आलेली म्हणून ही विद्या परकी वाटते, पण ती शिकवायची रीत सातारा-सांगलीच्या माणसानं गावच्या तालमीत पाहिलेली असते.

तालमीत वस्ताद पोराला पहिल्याच दिवशी डाव शिकवत नाही. आधी माती उकरायला लावतो, जोर-बैठका मारून घेतो, मग जोड लावतो. जोड लावताना वय, वजन, ताकद आणि अंगाची ठेवण पाहतो. ठेंगण्या चपळ पोराकडून पट काढायची तयारी करून घेईल, लांब हातापायाच्या पोराला ढाक बसवून देईल. डाव कुणाच्या अंगाला बसतो, हे ओळखणं ही वस्तादाची खरी विद्या.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा सहावे आले. लाल मातीत घडलेल्या मल्लाला मॅटवरची कुस्ती आणि तिचे नियम नवे होते. चार वर्षांनी, 1952 साली, त्यांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं आणि स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. मातीत कमावलेलं त्यांनी टाकून दिलं नाही, ते मॅटसाठी जुळवून घेतलं. सर्वांना मार्शल आर्ट शिकवणं म्हणजे हीच जुळवणी. फरक इतकाच की इथे पृष्ठभागाऐवजी शरीर बदलतं.

पहिला धडा पडण्याचा

चांगल्या ज्युदो क्लासमध्ये नव्या मुलाला आधी पडायला शिकवतात. याला उकेमी म्हणतात. कराटेच्या क्लासमध्येही ती शिकवावी असं माझं ठाम मत आहे, कारण घरातल्या, शाळेतल्या, रस्त्यावरच्या आयुष्यात माणसावर हल्ला क्वचित होतो, पडणं मात्र चुकत नाही.

पडताना आपण आपसूक हात पुढे टाकतो. सगळा भार ताठ मनगटावर येतो आणि मनगट मोडतं, कधी गळपट्टीचं हाड. उकेमीत ही सवय मोडून दुसरी लावायची असते. हनुवटी छातीकडे ओढायची म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटत नाही. श्वास रोखायचा नाही, सोडायचा. पाठ गोल ठेवायची. तळवा आणि कोपरापर्यंतचा हात एकाच वेळी मॅटवर आपटायचा, म्हणजे धक्का एका सांध्यावर न येता मोठ्या भागावर पसरतो. आधी झोपून, मग बसून, मग उकिडवं, शेवटी उभ्यानं. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही.

साठीच्या पुढच्या विद्यार्थ्याला सगळ्या पायऱ्या चढायची गरज नाही. हाडं ठिसूळ झाली असतील तर आपटण्याचा सराव करूच नये. त्यांना दोन गोष्टी शिकवायच्या: तोल जातोय हे लवकर ओळखून पाऊल टाकणं आणि जमिनीवरून परत उठणं. कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, खुर्चीला धरून एक पाऊल पुढे रोवायचं, मग उभं राहायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पडल्यावर उठता न आल्यानं तासन्‌तास फरशीवर पडून राहिलेली म्हातारी माणसं आपल्या ओळखीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं पडल्यामुळे मरतात आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचं आहे. व्यायामानं म्हातारपणी पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून 2019 साली मांडलं गेलं. मोठ्या वयाच्या लोकांसाठी क्लासचे दरवाजे उघडावेत याला मला एवढं कारण पुरेसं वाटतं.

एका तासात सगळ्यांना कसं सांभाळायचं?

घरात आमटी एकदाच होते. तिखट घालायच्या आधी बाळासाठी वाटीभर वरण बाजूला निघतं, आजीचा भात जरा जास्त शिजतो, शेतावरून आलेल्याच्या ताटात वर ठेचा पडतो. चूल एक, डाळ एक, ताटं वेगळी. सगळ्या वयांच्या मिश्र वर्गाचं शिकवणं असंच चालतं.

समजा आजचा धडा समोर मारायच्या लाथेचा आहे. शिक्षकानं आधी स्वतःला विचारायचं की ही लाथ कशासाठी आहे. उत्तर असं की समोरच्याला हाताच्या अंतरावर येऊ द्यायचं नाही आणि आपला तोल जाऊ द्यायचा नाही. हा हेतू सर्वांसाठी तोच. सहा वर्षांचं मूल गुडघा उचलून पॅडला, म्हणजे मार झेलायला धरलेल्या गादीला, लावतं, एवढंच. दहा वर्षांची मुलगी गुडघा, लाथ, परत ओढणं, पाय ठेवणं असे चार भाग मोजत करते. कॉलेजचा मुलगा तेच वेगानं, हलत्या पॅडवर. पन्नाशीच्या मावशी भिंतीला हात लावून नडगीच्या उंचीपर्यंत पाय नेतात. गुडघा दुखत असेल तर पाय झटकून ताठ करायचा नाही, ढकलायचा. व्हीलचेअरवरची विद्यार्थिनी खुर्ची तिरकी वळवून हल्ल्याच्या रेषेतून बाजूला होते आणि तळहाताच्या टाचेनं छातीवर ढकलते. सगळ्यांनी ‘अंतर राखणं’ हाच धडा घेतला.

यात शिक्षकाची मेहनत दुप्पट होते हे खरं. म्हणून लहान मुलांचा वेळ वेगळा, मोठ्यांचा वेगळा ठेवलेला बरा. मिश्र वर्ग असेल तर मदतीला जुने विद्यार्थी हवेत. एकट्या माणसानं भरगच्च हॉल सांभाळायचा म्हटलं तर शिकवणं थांबतं आणि कवायत सुरू होते.

वय बदललं की काय बदलतं?

चार ते सहा वर्षांच्या मुलांना मी मार्शल आर्ट शिकवतो असं म्हणणं जास्तीचं होईल. उड्या, गडगडणं, थांब म्हटल्यावर थांबणं, रांगेत आपली पाळी येईपर्यंत धीर धरणं, ही त्या वयाची शिदोरी. खेळातून ती मिळाली की सात-आठव्या वर्षी पंच (ठोसा) आणि ब्लॉक (मार अडवणं) पटकन बसतात.

खरी काळजी घ्यायची ती वाढीच्या वयात. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो, तिथून हाड वाढतं. मुलींमध्ये तो साधारण 14-15 आणि मुलांमध्ये 16-17 व्या वर्षापर्यंत भरून येतो. तोवर तो भाग नाजूक. शिवाय उंची झपाट्यानं वाढते तेव्हा हाडं पुढे आणि स्नायू मागे अशी ओढाताण होते. काल वाकून पायाचे अंगठे धरणारं मूल आज धरू शकत नाही, गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतं. अशा मुलाच्या खांद्यावर बसून त्याचा स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून बसणं) उघडणं, कडक फरशीवर मुठींवर जोर मारायला लावणं, याला मेहनत म्हणत नाहीत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजनगट साधण्यासाठी मुलाचं पाणी तोडणं तर सरळ धोक्याचं आहे. एक गट वर खेळू दे.

चाळिशीनंतर शिकायला येणाऱ्यांची अडचण शरीरापेक्षा घाईची असते. पूर्वी कबड्डी खेळलेलं मन जोरात जातं, पोटरी मागे राहते. त्यांना वॉर्म-अप लांबवायला सांगावं लागतं आणि तेच त्यांना आवडत नाही. रक्तदाब असेल तर श्वास रोखून खोल स्टान्समध्ये, म्हणजे गुडघे वाकवलेल्या पवित्र्यात, थांबू नये. मधुमेहानं तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर अनवाणी सराव नको, मऊ तळाचे बूट घालावेत आणि घरी गेल्यावर तळवे पाहावेत. कराटे अनवाणीच करायचं हा नियम पायापेक्षा मोठा नाही.

दिव्यांग विद्यार्थी: सवलत नव्हे, शिकवणं

सप्टेंबर 2024 मध्ये पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारनं 60 किलो गटात ज्युदोचं कांस्यपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक. पॅरालिंपिक ज्युदो दृष्टिबाधित खेळाडूंसाठी असतं आणि 1988 पासून खेळलं जातं. त्यात नेहमीच्या ज्युदोपेक्षा मुख्य फरक असा की लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांचा गणवेश धरलेला असतो. पकड हातात आली की समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे, तो ओढतोय की ढकलतोय, हे कापडातून कळतं. एक नियम बदलला आणि डोळ्यांचं काम हातांनी घेतलं. त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्य मिळवलं. डाव्या हाताला अपंगत्व असलेला हा खेळाडू आपल्या मातीतला आहे, हे दारात हळू आवाजात विचारणाऱ्या पालकांना मी आवर्जून सांगतो.

पॅरा तायक्वांदो हाताचं व्यंग असलेल्यांसाठी आहे. तिथे डोक्यावर लाथ मारायला बंदी, कारण हातानं डोकं झाकणं सगळ्यांना सारखं जमत नाही. नियम माणसाप्रमाणे असे बेतता येतात.

पण पदकं ही टोकाची गोष्ट झाली. रोजच्या क्लासमध्ये काय करायचं?

ऐकू न येणाऱ्या मुलासमोर बोलायचं असेल तर तोंड त्याच्याकडे हवं आणि पाठीमागे खिडकीचा उजेड नको. आधी करून दाखवायचं, मग सांगायचं, दोन्ही एकदम नाही. ‘थांब’साठी हात वर करण्याची किंवा दिवा लुकलुकवण्याची खूण आधी ठरवायची. कानातलं यंत्र जोडीच्या सरावात काढून ठेवायचं, आणि शस्त्रक्रियेनं बसवलेलं कॉक्लियर इम्प्लांट असेल तर डोक्यावर मार लागेल असा सराव टाळायचाच.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना ठरलेला क्रम आवडतो. कराटेतला काता, म्हणजे ठरावीक हालचालींची साखळी, त्यांना जवळची वाटू शकते. इराणमध्ये 30 स्वमग्न मुलांवर 14 आठवड्यांचा एक छोटा अभ्यास झाला होता, 2012 साली तो प्रसिद्ध झाला. काताच्या सरावानं मुलांचं तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करणं कमी झालेलं त्यात आढळलं. एवढ्याशा अभ्यासावर कुणी ‘कराटेनं ऑटिझम बरा होतो’ असं सांगू लागला तर त्याच्याकडून निघून यावं. तो बरा करायचा आजारही नाही. क्लासनं करायचं ते साधं आहे. रोज एकच क्रम ठेवायचा, बदल असेल तर आधी सांगायचा, एकदम मोठ्यानं ओरडायचं नाही, बसायला एक शांत कोपरा द्यायचा. नव्या गणवेशाचं खरखरीत कापड टोचत असेल तर टी-शर्टवर चालू द्यावं.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीत एक वैद्यकीय गोष्ट प्रत्येक शिक्षकाला माहीत असायलाच हवी. त्यांच्यातल्या काहींचे मानेचे वरचे दोन मणके एकमेकांशी सैल असतात. कोलांटी, डोक्यावर भार, मानेला झटका यानं मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी मान तपासून लेखी दिल्याशिवाय गडगडणं आणि फेकीचे डाव नकोत. मान दुखू लागली, चाल बदलली, लघवीवरचा ताबा सुटू लागला तर सराव त्याच क्षणी बंद आणि थेट डॉक्टर. बाकी पंच, ब्लॉक, काता, पॅड यांत ही मुलं ज्या आनंदानं रमतात, तो पाहायला दुसऱ्या पालकांनी जरूर यावं.

कायद्याच्या बाजूनंही एक सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि दिव्यांगांचा खेळातला सहभाग वाढवण्यासाठी पावलं उचलणं ही शासनाची जबाबदारी मानली आहे. शाळेत चालणाऱ्या क्रीडा उपक्रमातून मुलाला ‘तू बस बाजूला’ म्हटलं जात असेल, तर पालकांनी हा कायदा नावानिशी पुढे करावा.

‘मग ब्लॅक बेल्टला किंमत काय राहिली?’

हा आक्षेप मला बहुधा जुने खेळाडू घेतात, आणि तो रास्त आहे. सगळ्यांसाठी हालचाली बदलल्या तर परीक्षा, म्हणजे ग्रेडिंग, एकाच मापानं कशी घ्यायची?

बेल्ट हे काही हजारो वर्षांचं पवित्र माप नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली आपली शाळा काढली आणि पुढच्या वर्षी दोन शिष्यांना पहिली ‘दान’ श्रेणी, म्हणजे आजच्या ब्लॅक बेल्टची पायरी, दिली. कराटेत ती पद्धत कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी 1924 मध्ये आणली. पिवळे, हिरवे, निळे पट्टे तर ज्युदो युरोपात गेल्यावर 1930 च्या दशकात रुळले. शिकणाऱ्याला पुढची पायरी दिसत राहावी म्हणून केलेली ती सोय होती, आणि आजही एका संघटनेचा बेल्ट दुसरीत तसाच चालेल असं नाही.

मी दोन मापं वेगळी ठेवतो. स्पर्धेत माप एकच असतं आणि ते तसंच असावं. ग्रेडिंगमध्ये हेतू तपासायचा: तोल, अंतर, वेळ, ताबा. व्हीलचेअरवरच्या मुलीनं लाथ मारली नाही म्हणून ती नापास होत नाही, पण अंतर राखता आलं नाही तर होते, आणि व्हायलाच हवी. अपंग मुलाला दयेपोटी बेल्ट बांधणं हा त्याचा अपमान आहे. दर तीन महिन्यांनी फी भरणाऱ्या प्रत्येकाला नवा रंग बांधणं हा सगळ्यांचाच.

‘पोरं मारामाऱ्या करायला लागतील’

तंत्र शिकवलं आणि ताबा शिकवला नाही, तर लागतील. क्लासमध्ये ‘थांब’ या शब्दाला पंचापेक्षा जास्त मान आहे का, जोडीदाराला लागलं तर मारणारा थांबून विचारतो का, सर स्वतः चिडल्यावर कसे वागतात, यावर ते ठरतं. पोरं सरांकडे बघून शिकतात.

‘तीन महिन्यांत स्वसंरक्षण येतं का?’

समग्र शिक्षा अभियानाखाली सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण दिलं जातं आणि त्याची मुदत तीन महिने असते. एवढ्या वेळात मुलगी धिप्पाड पुरुषाला लोळवेल अशी आशा कुणी दाखवू नये. जे येऊ शकतं ते कमी मोलाचं नाही. धोका लवकर ओळखणं, ओरडणं, मनगट सोडवणं, एक घाव घालून पळणं, आणि घडलेलं घरी सांगणं. यातलं ओरडणं आपल्या मुलींना सगळ्यात जड जातं. ‘हळू बोल’ ऐकत वाढलेल्या मुलीचा आवाज पहिले काही दिवस गळ्यातून निघतच नाही. तो निघाला की तिच्या उभं राहण्यातच फरक दिसतो. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं उचलली. आखाडा मुलींचाही आहे हे दाखवायला आता लांबचं उदाहरण लागत नाही.

आणि एक बजावून सांगायचं. हल्ला झाला आणि मुलीला प्रतिकार करता आला नाही, तर तो तिचा दोष नव्हे. भीतीनं अंग गोठतं, प्रशिक्षितांचंही गोठतं. हे वाक्य प्रत्येक स्वसंरक्षणाच्या वर्गात शिक्षकानं मोठ्यानं म्हणावं.

क्लास कसा पारखायचा?

भिंतीवरची पदकं नंतर पाहा. एक पूर्ण तास कोपऱ्यात बसा आणि वर्गातल्या सगळ्यात मागे पडणाऱ्या मुलावर नजर ठेवा. सर त्याच्यापर्यंत पोहोचतात का, त्याला करण्याजोगं काही देतात का, की नुसतं ‘बघत राहा’ म्हणतात? पालकांना बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. मुलाच्या अंगाला हात लावून स्टान्स सुधारण्याआधी शिक्षक विचारतात का, तेही पाहा. मुलींच्या वर्गात शिक्षिका किंवा दुसरी जबाबदार बाई हवी.

डोक्याला मार लागला तर काय करता, हा प्रश्न विचाराच. ‘पाणी मारतो, पुन्हा उभा करतो’ हे उत्तर चुकीचं आहे. त्या मुलाचा सराव त्या दिवसापुरता संपला पाहिजे. चक्कर, उलटी, गुंगी असेल तर दवाखाना, आणि परत सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

तुमच्या बाजूनं फॉर्मवर खरं लिहा. दमा, फिट, जुनं फ्रॅक्चर, चालू गोळ्या, यातलं काही प्रवेश मिळणार नाही म्हणून लपवू नका. दम्याचा पंप पिशवीत नको, मॅटच्या कडेला सरांच्या नजरेसमोर ठेवा. फी पहिल्यांदा एकाच महिन्याची भरा. महिन्याच्या शेवटी मुलाला किती पंच येतात हे विचारण्याऐवजी पडून दाखव म्हणा, गादीवर.